जाड चोचीचा फुलटोच्या आणि शेखबाई

शेखबाई, शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्हाला आवडली नसती. फ्लेक्सवर तुमच्या फोटोच्या एका बाजूला हिरवा पोपट आणि दुसऱ्या बाजूला हंसांची जोडी छापली होती, कारण ‘बाईंना पक्ष्यांची फार आवड होती’ एवढंच नव्या मंडळींना ठाऊक. हंस तुम्ही जन्मात काढला नाहीत. स्नेहसंमेलनाच्या स्वागताच्या फळ्यावर हंसच हवा म्हणून मुख्याध्यापक अडून बसले, तेव्हा तुम्ही "पुण्यात हंस कुठे आहेत, सर?" असं विचारून शांतपणे गायबगळा काढून ठेवला होतात. वर त्याच्या पायाशी थोडं शेणही दाखवलं होतंत.

मलाही बोलायला उठवलं. "शेखबाई चित्रकला शिकवायच्या आणि मी गणित. आम्ही बरोबर रिटायर झालो," एवढं बोलून मी खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बर्वेबाईंना हुंदका आला. हुंदका कसला, माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता आणि तो त्या हॉलमध्ये विचारण्यासारखा नव्हता. शेवटच्या त्या सकाळी माझ्या गॅलरीत बसून तुम्ही ‘दिसला’ म्हणालात. तो तुम्हाला खरोखर दिसला होता, की माझं मन राखायला म्हणालात? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढासा पक्षी, दिसला काय नि न दिसला काय. पण न दिसलेल्या पक्ष्याला दिसला म्हणणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हतात. ते खातं माझ्याकडे होतं.

सुरुवात तुम्हाला आठवत असेलच. स्टाफरूमच्या खिडकीबाहेरच्या शिरीषाला एक मऊ, पिंगट पिशवी लटकत होती, मुठीत मावेल एवढी, आणि अंगठ्याएवढा एक पक्षी तिच्यात आत-बाहेर करत होता. मी वह्या तपासता तपासता म्हणाले, "चिमणीचं पिल्लू दिसतंय." तुम्ही नुकत्याच शाळेत रुजू झाला होतात, कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचात, विचारल्याशिवाय बोलायचा नाहीत. तरी तुम्हाला राहवलं नाही. "पिल्लू स्वतःचं घरटं स्वतःच बांधतंय का, बर्वेबाई?" इतक्या सभ्यपणे माझा अपमान त्याआधी फक्त माझ्या सासूबाईंनी केला होता. मी लाल पेन खाली ठेवलं आणि उठून खिडकीशी आले.

तो फिकट चोचीचा फुलटोच्या. पुण्यात याच्याहून लहान पक्षी नाही, हे तुम्हीच सांगितलंत. वरून मातकट हिरवा, खालून मळक्या पांढऱ्या रंगाचा, चोच बारीक, जराशी वाकलेली आणि फिकट गुलाबी. अंगावर खूण नाही की रेघ नाही. तोंडाला मात्र विसावा नाही, दिवसभर आपलं चिक्-चिक्-चिक् चालू. त्याचा भाऊबंद तो जाड चोचीचा. हा केसभर मोठा. चोच जाडसर, निळसर करडी, छातीवर पुसट रेघा, डोळा लालसर. आणि एक खोड, बसल्या जागी शेपूट डावी-उजवीकडे हलवत राहायची. पण खरा फरक जेवण्यात आहे, असं तुमचं म्हणणं. बांडगुळाचं फळ फिकट चोचीचा अख्खं गिळतो आणि चिकट बी मागाहून फांदीवर सोडतो. ती कशी, हे तुम्ही सातवीच्या वर्गालाही न लाजता सांगायचात. जाड चोचीचा तेच फळ चोचीत फिरवून फिरवून सोलतो, गर खातो आणि बी फांदीला पुसून टाकतो. हे सांगताना तुम्ही माझ्या डब्याकडे बघायचात. मधल्या सुट्टीची घंटा थांबायच्या आत माझी भाजी संपलेली असायची. तुम्ही भातातली लवंग, मिरी, तमालपत्र सगळं वेचून झाकणात काढणार आणि मगच पहिला घास घेणार. कोण कुठला फुलटोच्या, हे तुम्ही तोंडानं कधी म्हणाला नाहीत.

मला ते दोघे सारखेच दिसायचे. खरं सांगायचं तर मला ते दिसायचेच नाहीत, पान हललेलं दिसायचं.

पक्षी बघायला जाणाऱ्यांची एक रीत असते. एकजण बोट दाखवतो, "ती दुसरी फांदी, तिथून डावीकडे, वाळक्या पानाच्या मागे, दिसला?" सगळ्यांच्या माना वर होतात. ज्याला खरोखर दिसतो तो म्हणतो "दिसला". मग राहिलेले एकेक करून "दिसला, दिसला" म्हणतात, कारण माना दुखायला लागलेल्या असतात आणि आपण एकटेच आंधळे ठरू अशी भीती असते. त्यात माझा नंबर पहिला. मला चहा हवा असायचा. तुम्ही मात्र आमच्या ‘दिसला’वर भागवून घ्यायचा नाहीत. "चोच कशी होती? काय करत होता?" अशी तोंडी परीक्षा तिथल्या तिथे. कात्रजच्या घाटात मुलांची सहल नेली होती तेव्हा मी असंच "दिसला, निळा आहे" म्हणून टाकलं, आणि दुर्बिणीतून बघता ती निघाली झुडपात अडकलेली दुधाची निळी पिशवी. पक्षी तपकिरी होता आणि केव्हाच उडून गेला होता. ती गोष्ट स्टाफरूममध्ये माझ्या निरोपसमारंभापर्यंत पुरली. तुम्ही स्वतः मात्र पंधराजणांसमोर सरळ सांगायचात, "नाही हो, मला नाही दिसला." ज्याच्यासाठी अंधारात उठून गेलो तोच न दिसता तुम्ही परत यायचात, आणि घरी विचारलं की तसंच सांगायचात. मला त्याचं नवल वाटायचं, आणि थोडा रागही यायचा.

फक्त एकदा तुम्ही माझी परीक्षा घेतली नाहीत. आमचे हे गेले तेव्हा. घर भेटायला येणाऱ्या बायकांनी भरलेलं, प्रत्येकीला शेवट कसा झाला ते पहिल्यापासून ऐकायचं होतं. तुम्ही आलात, सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीत, पिशवीतून दुर्बीण काढून माझ्या हातात दिलीत. "आंब्यावर काहीतरी आहे, बघा जरा." मी ती डोळ्यांना लावून बसले. काचा ओल्या झाल्या, मला आंबासुद्धा दिसला नाही. पण दुर्बीण लावलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही, ती सोय तुम्ही मला करून दिलीत. पुढे रोज तुम्ही यायचात आणि रोज ती माझ्या हातात द्यायचात. "दिसला?" तुम्ही विचारायचात. "दिसला," मी म्हणायची. चोच कशी, शेपूट कशी, काही विचारलं नाहीत. मी त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात, पण मानायला हवे होते.

रिटायर झाल्यावर तुमचं सगळं पक्षी बघणं माझ्या गॅलरीत आलं. बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आंब्याच्या फांद्या गॅलरीच्या कठड्याला टेकलेल्या आणि आंब्यावर बांडगूळ माजलेलं. तुम्हाला ते बांडगूळ म्हणजे पर्वणी. हिवाळ्यात त्याची फळं पिकली की दोन्ही फुलटोचे तिथे हजर. मला काळजी आंब्याची. ह्यांनी हौसेनं लावलेलं झाड, आणि दर वर्षी त्याचा एखादा फाटा वाळत चाललेला.

"यंदा काढून टाकते ते," मी म्हणायची.

"पुढच्या वर्षी काढा."

"आंबाच मेला तर तुमचं बांडगूळ राहणार कुठे?"

"आंबा मरायच्या आधी आपण मरू, बर्वेबाई. आपल्या हयातीपुरता पुष्कळ आहे तो."

सोसायटीचे सेक्रेटरी दिवाळीनंतर कोयतीवाला माणूस घेऊन यायचे, आणि मी "फळं संपू द्या" म्हणून दोघांना परत पाठवायची. ते म्हणायचे, "बर्वेबाई, झाडापेक्षा तुम्हाला रोगाचं कौतुक." कौतुक मला नव्हतंच, तुम्हाला होतं. बोलणी मी खायची. हा वाद आपला मिटला नाही. सेक्रेटरी परवाच पुन्हा विचारून गेले आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

मग तुमचे डोळे गेले. पूर्ण नाही, पडद्याचा मधला भाग गेला. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली, शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. तुम्ही मला सांगितलंत ते असं, "तुमच्याकडे बघितलं की तुमचे दोन्ही कान दिसतात, बर्वेबाई. तोंड आहे तिथे धुरकट डाग." "चला, माझं तोंड बघायची शिक्षा तरी संपली तुमची," मी म्हणाले. तुम्ही हसलात. तुम्हाला रिक्षात बसवून मी वर आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. फुलटोच्याच्या डोळ्याभोवतीची कड कुठल्या रंगाची, हे सांगणारी बाई, आणि तिला माणसाचं तोंड दिसेना.

पण तुम्ही त्यातूनही वाट काढलीत. मधलं दिसत नाही ना, मग कडेनं बघायचं. पक्षी जिकडे आहे तिकडे बघायचंच नाही. तोंड फिरवून भलतीकडे बघायचं, म्हणजे तो डोळ्याच्या कोपऱ्यात येतो. रंग कळत नाही, चोच कळत नाही, पण हललेलं कळतं. म्हणून तुम्ही आंब्याकडून तोंड फिरवून, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचात. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, या दोघी गॅलरीत रोज रुसून बसतात. फिकट चोचीचा तुम्हाला आवाजावरून कळायचा. जाड चोचीचा त्या मानानं मुखदुर्बळ, तो शेपटीवरून ओळखायचा. "शेपूट हलली की मला कळेल," तुम्ही म्हणालात, "तेवढं अजून आहे माझ्याकडे."

आणि तुम्हाला तोच बघायचा होता. फिकट चोचीच्याची चित्रं तुम्ही ढिगानं काढलीत. जाड चोचीच्याचं एकही नाही, कारण फळ सोलताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काढणार नाही, हा हट्ट. पुस्तकात वाचून मुलांना सांगायला तुमची हरकत नव्हती, काढायला होती. इतक्या वर्षांत तो दिसला तो ओझरता, दर वेळी मध्ये पान नाहीतर फांदी. "चित्र काही आता व्हायचं नाही," तुम्ही म्हणालात. "सोलणंही मला दिसायचं नाही. पण तो येतो, एवढं एकदा बघून घ्यायचंय." तुम्ही कधी कुणाकडे काही मागणाऱ्या नव्हतात, म्हणून ते माझ्या मनात रुतून बसलं.

तुमचा इम्रान सकाळी कोंढव्याहून तुम्हाला माझ्याकडे सोडायचा आणि हिंजवडीला जाणारी कंपनीची बस गाठायचा. त्या हिवाळ्यात बांडगुळाला फळं लागली, लाल झाली. फिकट चोचीचे दिवसभर चिकचिकाट करत होते. जाड चोचीच्याचा पत्ता नव्हता. तुम्ही तोंड फिरवून बसून राहायचात, चहावर साय धरायची. "तो आता येत नाही, बर्वेबाई. आजूबाजूची झाडं गेली, बांडगुळं गेली. कशाला येईल?" हे तुम्ही इतक्या शांतपणे म्हणायचात की मला तुमच्यावर ओरडावंसं वाटायचं.

आणि एका सकाळी तो मला दिसला. तुम्ही खुर्चीत होतात, मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला दोरीवरचे कपडे काढत होते. मध्ये खांब असल्यामुळे तो तुमच्या कुठल्याच कोपऱ्यात येणं शक्य नव्हतं. शेपूट आधी डावीकडे, मग उजवीकडे. चोचीत फळ, आणि ते तो सोलत होता.

"शेखबाई, आला. जाड चोचीचा."

तुम्ही मान वळवेपर्यंत तो गेला.

"नक्की?"

"नक्की. सोलत होता फळ."

"डोळा कसा होता?"

"डोळा एवढा कोण बघतो?"

"छातीवर रेघा?"

"असतील की."

"बी कुठे पुसली?"

तेवढं मी बघितलं नव्हतं. "पानावर," मी म्हणाले.

तुम्ही हसलात, पण ते नुसतं ओठांनी. "पानावर नाही पुसत तो." मग म्हणालात, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना? नका सांगू. डोळ्यांनी अधू झालेय मी, बाकी शाबूत आहे."

मी खरं बोलत होते हो. इतक्या वर्षांची माझी खोटी ‘दिसला’ तुम्ही पकडून हसण्यावारी नेलीत आणि नेमकं खऱ्याच्या वेळी मला नापास केलंत. मला इतका राग आला की मी धड भांडूही शकले नाही. "बरं, नाही आला तर नाही आला," म्हणून मी कपबशा उचलून आत गेले आणि उगाचच जोरात विसळल्या. तुम्हीही लवकर निघालात. नंतर काही दिवस आला नाहीत. इम्राननं फोनवर सांगितलं, अम्मीला खोकला झालाय. मला वाटलं, खोकला कसला, रुसवा आहे.

मग मी जिद्दीला पेटले. मी गणिताची बाई, उत्तर बरोबर असताना त्यावर चुकीची खूण मला सहन होत नाही. स्वयंपाक उरकून, तुम्ही माझ्याकडेच ठेवलेली दुर्बीण घेऊन बसायला लागले. आधी नुसती पानं दिसली. मग पानांत फिकट चोचीचा दिसायला लागला, कारण तो गप्प बसत नाही. मग एकदाचा जाड चोचीचा आला, आणि मी त्याला अगदी उभा-आडवा तपासला. डोळा लालसर, पण उजेड पडला तरच. रेघा पुसट, पेन्सिलीची रेघ खोडल्यावर उरते तशा. फळ चोचीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवतो, आपण बोर तोंडात घोळवतो तसं. साल खाली पडते. मग बी फांदीला घासतो, एका घासण्यात नाही निघाली तर पुन्हा. एकदा ती बी फांदीवरून निसटली, चिकट तार सुटली आणि ती खालच्या पानाला जाऊन लागली. म्हणजे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं. हे तुम्हाला सांगायला मी फोन उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, येतील तेव्हा सांगू.

याचंच मला वाईट वाटतं, शेखबाई. तुम्ही दुर्बीण हातात देऊन शेजारी उभ्या राहिलात ती सगळी वर्षं मी चहाची वाट बघण्यात घालवली. दोघांतला फरक मला कळला तो तुम्हाला दिसेनासं झाल्यावर. त्या दोन पक्ष्यांबद्दल बरोबरीनं बोलायला तुम्हाला कुणीतरी हवं होतं, आणि मी तयार झाले तेव्हा बोलायला दिवस उरले नव्हते.

तुम्ही परत आलात तेव्हा खोकला खराच निघाला. अंगावर शाल, आवाज बसलेला. भांडणाचं नाव कुणीच काढलं नाही. तुम्ही आणलेली खारी मी बशीत काढली, चहा ठेवला, तुम्ही खुर्चीत बसलात. स्वयंपाकघराकडेच तोंड होतं, नेहमीसारखं. पण खोकल्याची उबळ आली की तुम्ही वळायचात, कधी भिंतीकडे, कधी आंब्याकडे, आणि तशाच बसून राहायचात. मी कठड्याशी उभी होते.

तो आला. मी दुर्बीण लावली.

"शेखबाई, आला. वाळक्या फाट्याखालचा झुबका. चोच जाड, निळसर. डोळा लालसर आहे. रेघा आहेत छातीवर. फळ घेतलं. फिरवतोय. साल पडली. आता बी पुसतोय, फांदीवरच पुसतोय, दोनदा घासली. शेपूट हलतेय बघा, डावी-उजवी."

तुम्ही विचारायच्या आधीच मी सगळी उत्तरं देत सुटले होते, बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी. आणि मागून तुमचा आवाज आला, "हो. दिसला."

एकही प्रश्न आला नाही. मी दुर्बीण खाली घेतली नाही. तो दुसऱ्या फळाकडे वळला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या पक्ष्यावरून नजर काढवेना. तो उडून गेल्यावर मी वळले, तर तुम्ही चहात खारी बुडवत होतात.

"खरंच दिसला?" मी विचारलं.

"छान बघितलंत तुम्ही," तुम्ही म्हणालात. "खारी घ्या, मऊ पडतेय."

इम्रान त्या दिवशी घरून काम करत होता, न्यायला तोच आला. खालून हॉर्न वाजला, तुम्ही शाल सावरत कठडा धरून उतरलात. मी वरून हात केला. तुम्हाला तो दिसण्यासारखा नव्हता. खोकल्याचा न्यूमोनिया झाला आणि तुम्ही दवाखान्यातून घरी आला नाहीत. कोंढव्याला तुमच्या घरी मी बायकांमध्ये बसले होते. शेवटचं बघायला बोलावलं तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे पोटभर बघून घेतलं. तिथे कुणी घाई करत नव्हतं.

शोकसभेनंतर इम्रान मला घरी सोडायला आला. गाडीत म्हणाला, "काकू, त्या दिवशी तुमच्याकडून येताना अम्मी अ‍ॅक्च्युअली खूप खूश होती. म्हणत होती, बर्वेबाईंना आता दिसायला लागलं. तुमचं कॅटरॅक्टचं ऑपरेशन झालंय का?" मी म्हणाले, "नाही रे, उशिरा दिसायला लागलं एवढंच." मग त्याला विचारलं, "तिला स्वतःला काही दिसलं, असं म्हणाली का?" तो आठवत राहिला. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. "नाही काकू. तुमच्याबद्दलच बोलत होती."

म्हणजे तुम्ही मला पास केलंत. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. घरी येऊन तो आनंद सांगायला कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण माझा प्रश्न तिथेच राहिला. परीक्षा न घेता तुम्ही मला सोडलं होतंत ते फक्त हे गेले तेव्हा, माझी कीव येऊन. त्या सकाळीही तसंच केलंत का? म्हातारी एवढी जीव तोडून सांगतेय, म्हणून टाकू दिसला, असं वाटलं का तुम्हाला? तसं असेल तर जन्मभर जे कुणासाठी केलं नाहीत ते तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि मला ते नको होतं. मला तो पक्षी तुम्हाला दिसायला हवा होता. तुम्ही जाताना तो तुमच्याजवळ असायला हवा होता, शेपूट हलवत, डोळ्याच्या कोपऱ्यात का होईना.

आणि उत्तर किती सोपं होतं. आंब्याकडे तोंड करून बसला असाल, तर नेमक्या त्या डागात तो झाकला गेला असणार, आणि ‘दिसला’ माझ्यासाठी होतं. तोंड फिरवलेलं असेल, तर तुम्हाला तो दिसला. एकदा मागे वळून बघितलं असतं तर मला कळलं असतं. आता मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं, दोन फुलटोच्यांत फरक काय. चोच, डोळा, रेघा, शेपूट, सगळं घडाघडा सांगेन. तुमचं तोंड त्या वेळी कुठल्या बाजूला होतं, ते मला सांगता येत नाही. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होतात, शेखबाई, आणि मी पक्षी बघत होते.